पटाच्या रानातली लाल गाडी

ती घटना आजही डोळ्यांपुढं येते, पण तपासाच्या कागदासारखी नीट लावलेली येत नाही. आधी धूळ येते. कोवळ्या उन्हात उभी राहिलेली, पिवळी, खाली बसायला तयार नसलेली धूळ. मग तिच्यातून एकेक माणूस बाहेर येतो.

माझं शिक्षण सातवीचं. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन घरी आलो. लिहिण्यात खोडी निघतील, निघू द्या. आधी अशा गोष्टी मी बायकोला सांगायचो. ती भाकरी थापता थापता ऐकायची. गेल्या हिवाळ्यात ती गेली. आता कागदाला सांगतो.

मी तेव्हा बीट जमादार होतो. दारव्ह्याकडचं एक गाव माझ्या बीटात होतं. नाव सांगत नाही, माणसांचीही नावं घेत नाही. त्या गावात दोन दोस्त होते, दोघंही तिशीच्या आतले, कपाशी-सोयाबीनवाले. फवारणीची टाकी आणि खताची पोती काळ्या मातीतून ओढायला दोघांनी एकेक एटीव्ही घेतली. जाड टायरची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली चार चाकांची गाडी. गावानं तिला चारचाकी फटफटी नाव ठेवलं. एकाची लाल, दुसऱ्याची निळी. मीही त्यांना लालवाला आणि निळावाला म्हणतो.

कोणाच्या गाडीची उचल जास्त, यावर दोघांचं रोज भांडण. हसत हसत, पण रोज. शेवटी ठरलं की रविवारी सकाळी गावाबाहेरच्या पटाच्या रानात पळवून पाहायचं. आमच्याकडं बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. त्याचंच ते लांबट, सरळ रान. पैजेत पैसा नाही. हरणाऱ्यानं सगळ्यांना पोहे-चहा द्यायचा.

एका रविवारी मी गस्तीवर तिकडून जात होतो, थांबून पाहिलं. तुरी फुलावर आलेल्या, धुकं अजून खालीच, आणि त्या धुक्यातून दोन दिवे बारीक बारीक हलत होते. सुटायची खूण म्हणून एक जण दुपट्टा खाली टाकायचा. तो पडला की लाल गाडी उडीच मारायची. पहिल्या शंभर पावलांत निळी कुठं दिसायचीच नाही. निळीला गिअर नव्हते. ती आधी घुरघुरायची, विचार केल्यासारखी, आणि अर्ध्या रानानंतर अशी निघायची की लालचा दम तुटायचा. मग हे दोघं गाड्या बदलायचे. बसणाऱ्याच्या वजनानं फरक पडतो का ते पाहायचे. मातीत ओल असली की लालची मागची चाकं जागच्या जागी फिरायची, तेव्हा निळी पुढं. लोक टोमणे मारायचे. "निळी गाडी लगनाले निघाली का बे, नट्टापट्टा होऊ दे तिचा," असं. निळावाला हसायचा आणि हरला की पोहे सांगायचा. मला ते सगळं स्वप्नातल्यासारखं वाटलं होतं. पोलिसाला शर्यत दिसली की लाठी आठवते. त्या दिवशी नाही आठवली.

त्यानंतर महिनाभरानं लालवाल्याचा बाप ठाण्यात आला. म्हातारा जुना धुरकरी, म्हणजे पटात बैलजोडी हाकणारा. अख्ख्या तालुक्यात नाव होतं. अंगावर माती, डोळे कोरडे. ठाणेदारांसमोर उभा राहून म्हणाला, "माह्या पोराले त्याच्याच निळ्या गाडीवाल्या दोस्तानं मारलं साहेब. गाडीत काहीतरी करून ठेवलं. आज पटात ते सरळ निघाली नाही, आडवी घुसली धुऱ्यावर आन् उलटी झाली त्याच्या अंगावर."

पोरगा यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात बेशुद्ध होता. डोक्याला मार. डॉक्टर काही सांगेनात.

फिर्याद मी लिहून घेतली. खाली अंगठा घ्यायला हात धरला तर दोन्ही तळव्यांची साल निघालेली. विचारलं तर म्हणाला, गाडीनं ओढलं मले. दवाखान्याची चिठ्ठी देऊन मलमपट्टीला पाठवलं. जिवे मारण्याचा प्रयत्न म्हणून गुन्हा दाखल झाला. निळ्यावाल्याला ठाण्यात आणून बसवलं.

दुपारी स्टँडवरचा एक जीपवाला आला. वडापच्या जीपवाल्यांना सगळं दिसतं, म्हणून त्यांच्याशी मी गोड राहायचो. बाजूला घेऊन हळूच म्हणाला की आदल्या सांजेला तो गावातून सवारी घेऊन निघाला, तेव्हा निळावाला लाल गाडीच्या चाकाजवळ बसलेला होता. हातात पाना होता. आजूबाजूला कोणी नव्हतं.

खबर पक्की होती. ठाणेदार म्हणाले, आता काय राहिलं.

मी कोणाला मारून विचारलं नाही कधी. खुर्ची द्यायची, चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं माणसाला लवकर सोसत नाही. ज्याच्या पोटात पाप आहे तो चहा घटाघटा पितो, काहीतरी हालचाल पाहिजे असते त्याला. निळ्यावाल्याच्या चहावर साय धरली. त्यानं एकच विचारलं, तो शुद्धीवर आला का. मी नाही म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं.

मग मी पान्याचं काढलं. त्यानं नाकारलं नाही.

"त्याच्या चाकाचा नट ढिला होता साहेब. त्यानंच सांगितलं होतं, आवळून देजो म्हणून. तो दवाई आणाले गेलता. मी आवळला."

"त्याच्याशी तुझी पैज. त्याचा नट तू कायले आवळतो?"

तो माझ्याकडं असा पाहू लागला की जणू मीच खुळा. "ढिल्या चाकाच्या गाडीले हरवून काय मजा हाय?"

आरटीओचे निरीक्षक येऊन गाडी पाहून गेले. चारही चाकांचे नट पक्के. ब्रेक ठीक, स्टेअरिंग ठीक, ॲक्सिलरेटर मोकळा. मोबाईलवर काढलेले व्हिडिओ मागवले. सगळे शेवटच्या रेषेवर उभे राहून काढलेले, कारण जिंकणं तिथंच दिसतं. सुटतानाची नुसती धूळ. तिच्यातून लाल गाडी डावीकडं येते आणि चित्र हलतं, बाया ओरडतात, बस.

ठाण्याच्या फाटकाशी म्हातारा भावकी घेऊन बसला होता. याला आत टाका, नाही तर आम्ही उठत नाही. निळ्यावाल्याचं घर बंद, आई माहेरी नेऊन ठेवलेली. गावातले पोट्टे त्याच्या निळ्या गाडीला काडी लावायला निघाले होते, ती मी ठाण्याच्या आवारात आणून उभी केली. ठाणेदार म्हणाले, जमादार, गाडीत दोष नाही हे खरं, पण पाना आहे, वैर दाखवता येतं. उद्या दुपारी याला कोर्टात उभं करतो. त्याआधी दुसरं काही असेल तर आणा. एकदा हा कलम लागून आत गेला की तिशीच्या आतल्या पोराचं पुढं काय होतं, हे मला चांगलं माहीत होतं. सुटून आला तरी गाव त्याला सोडत नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो. बायकोला सगळं सांगितलं. अपघाताच्या दिवशी ते गाड्या बैलांसारख्या धरून सोडत होते, हेही सांगण्याच्या ओघात सांगितलं. रोज कटकट व्हायची ना, तू आधी सुटला, तू आधी सुटला, म्हणून म्हाताऱ्यानंच ती तोड काढली होती. दोघादोघांनी मागचं कॅरिअर धरायचं, गाडी जोर करू द्यायची, दुपट्टा पडला की सोडायचं.

ती तव्यावरची भाकरी उलटवत म्हणाली, "पळवली कोणी ते सारे सांगून राह्यले. लाल गाडी धरली कोणी होती?"

उजवीकडून एका शेजाऱ्यानं. डावीकडून बापानं.

"मंग बापाले ईचारा ना, तुम्ही कवा सोडली."

मी म्हटलं, तो तर फिर्यादी आहे. ती म्हणाली, "असू द्या ना. हात तं त्याचेच होते."

सकाळी मी दोन पंच घेतले, म्हातारा, शेजारी, निळावाला आणि निळी गाडी, सगळ्यांना पटाच्या रानात नेलं. म्हाताऱ्याला म्हटलं, काका, काय झालं ते करून दाखवा, कागदावर बरोबर आलं पाहिजे. तो लगेच तयार झाला. त्याला वाटलं, आता पोलीस खरं पाहतील.

धुकं होतं. कापूस फुटलेला होता, त्याचे तंतू हवेत तरंगत होते आणि कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या टोपीवर बसत होते. निळावाला गाडीवर बसला. मी त्याला सांगितलं, अगदी हळू, माणूस चालेल एवढाच जोर. शेजारी उजवीकडं, म्हातारा डावीकडं. म्हाताऱ्यानं पट्टी बांधलेले हात कॅरिअरवर ठेवले आणि त्याचं अंगच बदललं. पाय रोवले, मान खाली घातली, डोळे बारीक केले. साठीच्या पुढचा माणूस तरणाबांड दिसू लागला. समोर त्याला गाडी दिसतच नव्हती. बैल दिसत होते.

पंचानं दुपट्टा टाकला. शेजाऱ्याचे हात त्याच क्षणी उघडले.

म्हाताऱ्याचे उघडले नाहीत.

निळ्या गाडीचं तोंड हळूच डावीकडं वळलं. जिथं लाल गाडी गेली होती, त्याच धुऱ्याकडं, शेताच्या बांधाकडं. निळ्यावाल्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली, आणि म्हातारा अजून धरूनच होता.

मी जवळ गेलो.

"काका, तुम्ही सोडली नाही."

"सोडली ना साहेब. दुपट्टा पडला तशीच सोडली."

मी त्याच्या हातांकडं बोट केलं. त्यानं खाली पाहिलं. मी नोकरीत पुष्कळ चेहरे पाहिले, कबुली देणारे, खोटं बोलणारे, पण असा नाही पाहिला. स्वतःचे हात तो ओळखत नसल्यासारखा पाहत होता.

मग त्यानंच समजावून सांगितलं, हळूहळू, जणू मला पट शिकवत होता. निशाण पडताच बैल सोडायचा नसतो. आधी त्यानं जुवाला मान लावली पाहिजे, जोर भरला पाहिजे, तो जोर हाताला कळला की मग सोडायचा. आधी सोडला तर जोडी वाकडी जाते. तो क्षण त्याच्या हातांत लहानपणापासून मुरलेला. मशीनला मान नसते. तिचा जोर आधीच भरलेला असतो. उजवी बाजू सुटली, डावी अडकली आणि गाडी फिरली. तळव्यांची साल त्यातच गेलेली. गाडीनं त्याला ओढलं, हे त्यानं खरंच सांगितलं होतं. फक्त का ओढलं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

निळावाला गाडीवरून उतरला. मला वाटलं, हा आता बोलेल काही, त्याचा हक्क होता. त्यानं म्हाताऱ्याचं एकेक बोट कॅरिअरवरून सोडवलं. "चाला काका, खाली बसा. ऊन येऊन राह्यलं," एवढंच म्हणाला.

ठाण्यात पुरवणी जबाब घेतला. मी शब्द सौम्य लिहू लागलो, नकळत, चुकून, असं. म्हाताऱ्यानं थांबवलं. "लिहा साहेब, हात माहेच होते. या पोराचं काही नाही." जबाब लिहिल्यावर तो वाचून दाखवावा लागतो. मी वाचला. प्रत्येक ओळीला तो मान हलवत होता. अंगठा त्यानं स्वतःच पुढं केला.

निळ्यावाल्याला तेव्हाच सोडलं. गुन्ह्यात पुढं 'क' समरी पाठवली, म्हणजे फिर्याद खोटी नाही, पण गैरसमजातून झालेली. कोर्टानं मंजूर केली.

पोरगा शुद्धीवर आला तेव्हा जबाब घ्यायला मीच गेलो. खाटेजवळ निळावाला बसलेला होता. पोरानं डोळे उघडून निळ्यावाल्याला पहिलं काय विचारलं असेल तर, कोणाची आधी सुटली. निळावाला म्हणाला, "तुहीच बे."

म्हातारा दाराशी उभा होता, आत येत नव्हता. मी त्याला आत घेतलं. त्यानं फिरवून सांगितलं नाही. "मी धरून ठेवली होती, म्हणून झालं," म्हणाला आणि भिंतीकडं पाहत राहिला.

पोरानं मान बापाकडं वळवली. ओठ सुकलेले होते, बोलायला त्रास होत होता. मग म्हणाला, "बरं. पुढच्या खेपेले तुमी दुपट्टा टाका फक्त."

म्हातारा तिथंच फरशीवर बसला आणि रडला. ठाण्यात आला त्या दिवसापासून पहिल्यांदा.

त्या केसनं मला एक शिकवलं. चौकशीत आपण तोंडाला विचारत राहतो आणि तोंड बिचारं त्याला माहीत तेवढंच सांगतं. चुकीचं सांगणारा माणूस खोटारडा असतोच असं नाही. हात वेगळं शिकलेले असतात, ते आपल्या मनानं चालतात. पुढं मी नव्या शिपायांना सांगायचो, जबाब घेताना माणूस काय म्हणतो ते लिहा, पण त्याला एकदा करून दाखवायला लावा.

हे सगळं मी फार शहाणपणानं सांगायचो. बायको दवाखान्यात वारली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. सिस्टरबाईनं खांद्याला हात लावून सांगितलं की बाबा, आता बाजूला व्हा. मी म्हटलं, झालोच ना. सिस्टरबाई तशीच उभी राहिली. मी पुन्हा म्हटलं, झालो म्हणून. मग तिनं खाली माझ्या हाताकडं पाहिलं, आणि मीही पाहिलं.