वंदनाताईंची बुढी

नाटकमंडळीत किस्से कुणी गोळा करत नाही; धानाच्या कोठीत उंदीर शिरावेत तसे ते आपोआप शिरतात आणि वाढत जातात! करडी गावच्या आमच्या मंडळीत मी पडद्याआडून संवाद सांगतो, त्यामुळे बसायची जागा मोक्याची. यंदाचे बहुतेक किस्से एकट्या वंदनाताईंचे.

ताई म्हणजे आमची कायमची हिरोईन. एरवी शिवणकाम, आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरली की नाटक. यंदा त्यांनी हिरोईन सोडून सत्तरीची बुढी मागून घेतली. धरणात शेत जाणारी बुढी. आमचा सगळ्यात मोठा प्रयोग दिघोरीच्या मंडईत. तिथल्या मंडई समितीचे अध्यक्ष तोंडावर म्हणाले, "बुढी नाही पटली, तं पुढच्या सालापासून इथं तुमची कंपनी बंद!"

* * *

पहिली तालीम. ताईंनी कंबर वाकवली, काठी टेकली, हात थरथरवला. दिग्दर्शक किसनभाऊंनी हात वर करून तालीम थांबवली. मग म्हणाले, "ताई, हे बुढी नाही. हे हिरोईनच हाय, तिले थंडी वाजून राहिली!"

आम्ही सगळे हसलो. ताई हसल्या नाहीत. त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली, ती परत घेतलीच नाही.

* * *

रोवणीचे दिवस होते. ताई बांधीत, धानाच्या चिखलात, उतरल्या. नुसतं पाहायला नव्हे, धान लावायला! दिवसभर ओणवं राहायचं, रोप खोचायचं आणि एकेक पाऊल मागे सरकायचं.

बायका चिडवायच्या, "काहो टेलरीनबाई, आमाले मजुरी भेटते. तुमाले काय भेटून राहिलं?"

ताई कण्हत म्हणाल्या, "बुढीची कंबर!"

* * *

त्यांना एक गोष्ट दिसली. म्हातारं माणूस थरथरत नाही, ते ताकद वाचवतं. उठायच्या आधी हात आधार शोधतो, मग गुडघे तयार होतात, माणूस सगळ्यात शेवटी उठतो. ताई घरातही तशाच उठू लागल्या. त्यांचे यजमान रमेशभाऊ घाबरले. गुपचूप गुडघ्याचं तेल घेऊन आले.

"अहो, मले काही नाही झालं. रोल हाय तो!"

"रोल तुहा हाय," रमेशभाऊ म्हणाले, "पण पाहू पाहू गुडघे माहे दुखून राहिले!"

आणि तेल स्वतःलाच चोळत बसले.

* * *

बुढीच्या मुलाचं काम कमलाकरकडे. त्याला धानाचं पोतं पाठीवर घेऊन यायचं होतं. पोत्यात भरलेली तणस, म्हणजे धानाचा हलका पेंढा. तो असा यायचा, जणू उशी घेऊन झोपायला निघाला आहे!

एक दिवस ताईंनी कुणाला न सांगता पोत्यात खरं धान भरलं. कमलाकर आला. मान पुढे, पावलं फाकलेली, श्वास छातीत अडकलेला. किसनभाऊ खूश. मी संवाद सांगितला. मी पुन्हा सांगितला.

"डायलॉग पाठ हाय ना बाप्पा," तो कसाबसा बोलला, "पयले पोतं तं उतरवा!"

आता तणशीचं पोतंही तो तसंच आणतो.

* * *

आणि दिघोरी. फळ्या ठोकलेला सपाट स्टेज. अध्यक्ष पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. शेवटचा प्रवेश असा, की शेत पाण्याखाली जाणार हे ठाऊक असूनही बुढी रोवणी करते. संवाद एकही नाही, त्यामुळे मीही नुसता पाहत होतो.

ताई ओणव्या झाल्या. हात रिकामे. अंगठ्यानं रोप चिखलात खोचायचं, चिखलातून पाय ओढून काढायचा, मागे टाकायचा. पुन्हा रोप. मागे सरत सरत त्या पार विंगेजवळ आल्या, आणि बायकांच्या गर्दीतून एक म्हातारी ताडकन उभी राहिली.

"अवं बाई, मांगं बांध हाय! पाय जपून!"

अध्यक्षांनी हाताची घडी सोडली आणि मान उंच करून तेही तिकडं पाहू लागले.

ताईंनी वळून पाहिलं नाही. एक पाय मागे उचलला, चाचपत जरा वर टेकवला, आणि बांधावर चढल्या.