चिखलात थांबू नये, हे मी थांबून सांगितलं

आता माझी एक फजिती सांगतो आणि शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. बरं, एक शब्द सोडून. तो कुठला, ते शेवटी.

पोरीच्या लग्नाची बैठक होती, पूर्णगडजवळ. बायको आणि पोर सकाळीच रिक्षाने पुढे गेल्या. मी कॉलेजातलं प्रॅक्टिकल उरकून, नवी पांढरी पँट घालून, पेढ्यांचा बॉक्स घेऊन निघालो. उशीर झालाच! खाडीशी पोचलो तर व्याह्यांचं घर हे असं समोर, रस्ता मात्र लांबचा वळसा घालून. ओहोटी. मधे नुसता चिखल. म्हटलं, जन्मभर फिजिक्स शिकवलं, चिखलाला काय भ्यायचं?

चपला हातात घेतल्या आणि निघालो तरातरा. वाटेत एक मावशी लाकडी फळीवर गुडघे टेकून चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत होती.

"ओ मास्तर, चिखलात थांबू नका हां!"

मला? चिखल शिकवते? मी थांबलो.

"अहो मावशी, हा ना धड घन, ना धड द्रव. भरभर चाललं की जमीन, उभं राहिलं की घावनाचं पीठ! म्हणून काय करायचं नाही?"

"थांबायचं नाय."

"शाब्बास! आता का नाही थांबायचं, तर..."

"मास्तर, गुडघे गेले."

गेले होते हो! पाय ओढला, तर सासुरवाडीने जावयाला जेवायला धरावं तसा धरला.

"ओढू नका! हळूहळू हलवा. तुम्ही जोर केलात की तो पण जोर करतो."

हेच मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. समीकरणासकट!

"ठाऊक आहे मला!"

"मग करा ना."

"करतोय! भरती कधी लागते?"

"लागली."

तेवढ्यात समोरच्या पडवीतून बायकोची हाक, "अहो, तिथे काय करताय?"

"शिकवतोय!"

शेवटी मावशीने फळी सरकवली. मी फळीवर पालथा, पेढे डोक्यावर, आणि मावशी मागून ढकलतेय. असा पोचलो व्याह्यांच्या दारी. ते म्हणाले, "मुलीकडचे नम्र असतात ऐकलं होतं, पण एवढं लोटांगण?"

लग्न ठरलं, बरं का!

आता तो खोटा शब्द. गुडघे. कमरेपर्यंत गेलो होतो. पँट अजून खाडीतच आहे, आणि बैठकीच्या प्रत्येक फोटोत मी व्याह्यांच्या लुंगीत.