सी विंगचा लाल खांब

"इकडे बघा," असं म्हणत ते शर्टाच्या खिशातून लेझरची कांडी काढायचे आणि तिचा लाल ठिपका समोरच्या वस्तूवर ठेवायचे. भाजीवाल्याच्या गाडीपाशी ठिपका दुधीवर. "हा नको, त्याच्या डावीकडचा." भाजीवाला म्हणायचा, "अंकल, हाथ लगा के बताओ ना." पण हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. लिफ्टमधल्या पानाच्या डागावर ठिपका, कुणाच्या गॅलरीत वाळणाऱ्या चादरीवर ठिपका. एकदा तर आमच्या वॉचमनच्या पोटावर ठिपका ठेवून त्यांनी त्याला व्यायामाचं महत्त्व समजावलं होतं.

मीरा रोडला हाटकेशच्या बाजूला आमची सोसायटी आहे, तिचे हे सेक्रेटरी. नाव लिहीत नाही. तुमच्याही सोसायटीत असा एक असणारच, त्याचं नाव घाला, फारसा फरक पडणार नाही. मूळचे रत्नागिरीकडचे, कुठल्याशा औषध कंपनीच्या ऑफिसातून रिटायर झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातल्याशिवाय कचऱ्याचा डबासुद्धा बाहेर न ठेवणारे.

त्यांना चार्टांचं वेड होतं. कुणी तक्रार केली की ते ऐकून घ्यायचे आणि चार दिवसांनी नोटीस बोर्डावर त्या तक्रारीचा चार्ट लागायचा. पार्किंगच्या भांडणांचा एक गोल चार्ट मला अजून आठवतो. फुगवलेला, खाली सावली पाडलेली, एक तुकडा बाहेर ओढलेला; वाढदिवसाचा केक कापून ठेवल्यासारखा दिसत होता. पोरं त्यांना केकवाले आजोबा म्हणायची. दाराबाहेर चपला ठेवणाऱ्यांसाठी त्यांनी खांबांच्या जागी चपलांचीच चित्रं लावली होती. ज्या विंगच्या चपला दुप्पट, तिची चप्पल उंचीलाही दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट. त्यामुळे ती राक्षसाची दिसायची आणि बाकीच्या दोन बाहुल्यांच्या. वर मथळा: 'पादत्राण विश्लेषण'. लोक लिफ्टची वाट बघताना त्याकडे बघत आणि लिफ्ट आली की विसरत.

"चार्ट बघून माणसाचं मत बदलतं," असं ते मला सांगायचे. त्यांच्या चार्टांनी एकाचंही बदललं नव्हतं. त्यामुळे कुणाचं काही बिघडलंही नव्हतं. बिघडलं ते मी हात लावल्यावर.

माझा धंदाच तो आहे. कंपन्यांसाठी प्रेझेंटेशन बनवणाऱ्या एका ऑफिसात मी नोकरी करतो. केसांचं तेल, बिस्किटं, विमा, काय म्हणाल ते. गिऱ्हाइकाला जे दिसायला हवंय ते पहिल्या नजरेत दिसलं पाहिजे, एवढंच आमचं काम, आणि मी ते चांगलं करतो. सेक्रेटरींच्या केकांकडे बघून मी लिफ्टमध्ये गालातल्या गालात हसायचो. आपण कोण आहोत हे विसरून दुसऱ्याला हसायला लिफ्टसारखी जागा नाही.

त्या उन्हाळ्यात पाण्याची मारामार होती. टँकर मागवावे लागत, संध्याकाळचं पाणी करंगळीएवढं यायचं. एका रविवारी ते पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या दारात उभे.

"अहो चित्रकार, जरा पाण्याचं बघा. तिन्ही विंगच्या मीटरचं रीडिंग मी स्वतः घेतलंय. सी विंग जास्त वापरते. पण चार्टात दिसतच नाही हो."

मी उघडून बघितलं. ए, बी आणि सी असे तीन खांब, तिन्ही जवळजवळ एकाच उंचीचे. सीचा किंचित वर, बोटाच्या नखाएवढा. दिसत नव्हतं, कारण दिसण्याजोगं काही नव्हतंच. हे मला पहिल्या क्षणाला कळलं.

मी म्हणालो, "साहेब, शून्यापासून कशाला सुरू करताय?"

"म्हणजे?"

"खालचा भाग कापून टाका. तो तिघांचा सारखाच आहे, त्यात बघायचं काय? नुसती टोकं दाखवा."

"असं चालतं?"

"सगळे करतात."

मी कामाला लागलो. सावल्या काढल्या, नऊ प्रकारचे रंग काढले. ए आणि बी करडे केले, सी लाल. खांबांवरचे आकडे पुसले. ते नजरेला अडवत होते, असं मी त्यांना सांगितलं. मथळ्यात विश्लेषण-बिश्लेषण नको, सरळ वाक्य घातलं: 'सी विंग सर्वांत जास्त पाणी वापरते'. आता लाल खांब बाकीच्या दोघांच्या तिप्पट झाला होता. इतकं नीटस काम मी ऑफिसातही क्वचित केलं असेल.

सेक्रेटरी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "बापरे," ते म्हणाले. "एवढं पाणी वापरतात हे लोक?"

रीडिंगचा कागद त्यांच्याच खिशात होता. स्वतःच्या डोळ्यांनी मीटर वाचलेल्या माणसाला मी पाच मिनिटांत पटवलं होतं. मला हसू आलं, आणि अभिमानही वाटला. मी ए विंगमध्ये राहतो. मला संध्याकाळचं पाणी हवं होतं. त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, कुणीतरी 'वा' म्हणायला हवं होतं.

"माझं नाव मात्र कुठे घेऊ नका," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली.

पार्किंगमध्ये मीटिंग भरली. भिंतीवर चादर टांगून प्रोजेक्टर लावला. लाल खांब चादरीवर उभा राहिला आणि माणसं गप्प झाली. आमच्या सोसायटीत माणसं गप्प होणं ही साधी गोष्ट नाही.

बी विंगमधला एक जण पहिला उठला. "अरे, एक ही विंग सबका पानी पी रही है क्या?"

मागून सी विंगच्या काकू उठल्या. या मूळच्या खारीगावातल्या, शेती आणि मिठागरं गेल्यावर फ्लॅटात आलेल्या. नवरा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला.

"पीत न्हाय कोन," त्या म्हणाल्या. "मानूस पडून हाय माजा. दिसातून दोनदा चादरी बदलाया लागतात. त्या काय तशाच ठेवू? सांगा ना, सेक्रेटरी."

"काकू, हे मी म्हणत नाही," सेक्रेटरी मऊ आवाजात म्हणाले. "हा चार्ट म्हणतोय."

"मंग चार्टाला पाठवा माज्या घरी. चादरी धुवाया."

थोडे लोक हसले. मग सी विंग सोडून सगळ्यांनी हात वर केले. सी विंगचं संध्याकाळचं पाणी बंद झालं. मीही हात वर केला होता.

तुम्ही म्हणाल, हा सेक्रेटरी माणूस मूर्ख होता. होताच. पण मूर्खपणातही त्याचा एक प्रामाणिक हट्ट होता, तो मला नंतर कळला. पाणी बंद झाल्यावरही ते मीटर वाचत राहिले. महिनाभराने पुन्हा दारात आले. शर्ट इस्त्रीचाच, पण चेहरा चुरगळलेला.

"सी विंग बंद केली, तरी टँकर तेवढेच येतायत. असं कसं होईल?"

मी खुर्ची पुढे केली. ते उभेच राहिले.

"तेच चित्र शून्यापासून काढून द्या. आकड्यांसकट."

काढून दिलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हे तिघं सारखेच आहेत की हो."

"जवळजवळ."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

मी म्हणालो, "साहेब, आकडे तुम्हीच दिले होते."

यावर ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "हो, ते खरं." आणि कागद घेऊन गेले.

त्यांनी तो चार्ट बोर्डावर लावला आणि पुन्हा मीटिंग बोलावली. सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "पहिला चार्ट चुकीच्या पद्धतीने काढला होता. चूक माझी. सी विंगचं पाणी आजपासून सुरू करा." मी दुसऱ्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

लोकांनी नवा चार्ट बघितला. बी विंगमधला तोच गृहस्थ म्हणाला, "इसमें तो सब सेम है. देखना क्या है?" आमच्या ए विंगमधली एक शिकलीसवरलेली बाई म्हणाली, "काका, पहिलावाला जास्त क्लिअर होता." मतदान झालं. पाणी बंदच राहिलं. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या कामाची एवढी तारीफ झाली नव्हती.

सेक्रेटरींनी राजीनामा दिला. कुणी नको म्हणालं नाही. नव्या कमिटीने बोर्डावर गणपतीच्या वर्गणीचं पत्रक लावलं, त्याखाली त्यांचा शेवटचा चार्ट झाकला गेला. पावसाळ्यानंतर ते नाशिकला मुलाकडे कायमचे जायला निघाले.

सामान उतरवायला मी गेलो. का गेलो ते विचारू नका. त्यांचं कपाट एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने वॉचमनने. टेंपो भरून झाला तेव्हा सी विंगच्या काकू कळशी आणि दोन पेले घेऊन खाली आल्या. सकाळी भरून ठेवलेल्या पाण्यातलं पाणी असणार.

"सेक्रेटरी, लांब जायाचं हाय. पानी पिऊन जावा."

ते घेईनात. "काकू, तुम्हालाच पुरत नाही."

"तुमी मागलंत ना आमच्यासाटी, समद्यांसमोर? दुसरं कोन बोललं? घ्या गुमान."

ते उभ्यानेच पूर्ण पेला प्यायले. काकूंनी दुसरा पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. "तुमी पन घ्या. कपाट उचललंत."

सकाळपासून सामान उतरवून मला तहान लागली होती. सेक्रेटरी माझ्याकडे बघत होते. तो लाल खांब माझा होता, हे त्यांनी एका शब्दाने सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते रुमालाने तोंड पुसून टेंपोत चढले.

"नको काकू," मी म्हणालो. "आत्ताच प्यायलो."

टेंपो गेटाबाहेर वळेपर्यंत काकू तो भरलेला पेला हातात धरून उभ्या होत्या. मग त्यांनी तो पुन्हा कळशीत ओतला, एक थेंबही सांडू न देता.