आईचे आरसे

मंडळी, मले आज आईचा लय अभिमान वाटून राहिला!

दर्यापूरजवळच्या आमच्या वावरात तिनं हट्टानं सोलर पंप बसवला. रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्याच्या प्लेटा पुसते. शेजारचे बाळूकाका हसायचे, "वयनी, हे आरसे काहून पुसून राहिल्या?"

मंग तिकडं तेलाच्या देशांत युद्ध पेटलं अन् इकडं डिझेल महागलं. परवडत नाई म्हणून काकांनी पाण्याचं डिझेल इंजिन बंद ठेवलं, हरभरा सुकू लागला. आईनं न मागता आपल्या पंपाचा पाइप त्यायच्या वावरात सोडला.

आज सकाळी वावरात गेलो तं काय, काका स्वतः फडकं घेऊन प्लेटा पुसून राहिले होते! आई धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, ओरडली, "भाऊजी, तो कोपरा राहिला!"

खरं सांगा, तुमच्या गावात सोलर बसला तवा कोण हसलं होतं, अन् आता कोण पुसून राहिलं?