वहिनींच्या सहा फेऱ्या

आमच्या वहिनींना बसता येत नसे. पाठदुखी नव्हती, गुडघ्यांची तक्रार नव्हती. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि अंगानं चांगल्या काटक होत्या. पण पाटावर टेकल्या की दोन मिनिटांत उठायच्या. भाजी चिरता चिरता विळी आडवी करून दारापर्यंत जाऊन यायच्या. हळदीकुंकवाला गेल्या तर बाकीच्या बायका सतरंजीवर आणि आमच्या वहिनी घरच्या बाईंच्या हातातलं तबक काढून घेऊन सगळ्यांना कुंकू लावत उभ्या. "हिच्या पायाला भिंगरी आहे," आई म्हणायची. म्हणताना ती हसत नसे.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दादा धार संस्थानच्या इमारत खात्यात कारकून होता आणि खात्यानं दिलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. वडील मी लहान असतानाच गेले होते. वहिनी महेश्वरच्या, नर्मदेच्या घाटावर वाढलेल्या. माहेरी त्या सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा नदीत उतरत. धारला तलाव काही कमी नाहीत, पण सरकारी नोकराच्या बायकोनं भर गावात पोहायचं ही गोष्ट कुणाच्या मनातही आली नसती. देवीच्या टेकडीवर दर्शनाला गेलो की आई देवीकडे तोंड करून हात जोडायची आणि वहिनी कठड्याशी उभ्या राहून खाली तलावाकडे बघायच्या. "चला आता," आई म्हणायची, तेव्हा त्या दचकायच्या.

त्यातच संस्थान विलीन झालं. खातं राहणार का, खोल्या राहणार का, बदली झाली तर कुठे, कुणालाच सांगता येईना. दादा कचेरीतून आला की आई दारातच विचारायची आणि तो रोज तेच सांगायचा, "ऑर्डर आली नाही." सामान बांधावं की नाही ते कळत नव्हतं. आईनं लोणचंसुद्धा त्या वर्षी अर्धंच घातलं. सगळ्या आळीत तीच गत होती. कुणी धड बसत नव्हतं, म्हणून वहिनींचं न बसणं तेवढं उठून दिसलं नाही एवढंच.

मला बाळदमा होता. थंडी पडली की छातीत घरघर सुरू व्हायची. वैद्यांनी गार पाणी वर्ज्य केलं होतं, आंबट वर्ज्य केलं होतं, धावणं वर्ज्य केलं होतं. शाळेत मी कवायतीच्या वेळी ओट्यावर बसून मुलींचे रुमाल सांभाळायची. एका दुपारी मला धाप लागलेली असताना वहिनी माझ्या पाठीवर तळवा ठेवून माझे श्वास मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "वन्सं, तुम्हाला श्वास घेता येतो. सोडता येत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाणीघरात घंगाळ भरलं, दाराला कडी लावली आणि मला म्हणाल्या, "तोंड बुडवा आणि फुंका." मी घाबरले. त्यांनी स्वतः तोंड बुडवून दाखवलं. घंगाळात इतके बुडबुडे आले की मला हसू फुटलं. मग मीही फुंकलं. पहिल्या दिवशी तीन आकड्यांपर्यंत, पंधरवड्यानं वीस आकड्यांपर्यंत. वहिनी वयानं माझ्याहून मोठ्या, पण रीत म्हणून मला अहो-जाहो करत. घंगाळाशी मात्र ते विसरायच्या. "कमळे, अजून. कमळे, सगळा सोड." कडी काढून बाहेर आलो की मी पुन्हा वन्सं.

घंगाळ पुरेनासं झालं तेव्हा त्यांनी विहीर शोधली. आम्हाला दूध घालणाऱ्या जमनाबाईंचं शेत मांडूच्या रस्त्याला होतं आणि त्यात एक चौकोनी बावडी होती, पायऱ्यांची, गार हिरव्या पाण्याची. देवीच्या दर्शनाला म्हणून आम्ही पहाटेच्या उजेडात निघायचो आणि टेकडीकडे न वळता सरळ शेतावर जायचो. वहिनींनी माझ्या पाठीला दोन वाळके भोपळे बांधले तेव्हा जमनाबाई धावत आल्या. "कंई करी री हो बेन? छोरी के मारी नाखोगा?"

"नहीं मरेगी," वहिनी म्हणाल्या. "तुम तो ये रस्सी पकड़ो." आणि त्यांच्या हातात दोराचं टोक देऊन नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून त्या स्वतः पाण्यात उतरल्या. त्या दिवसापासून जमनाबाई रोज दोर धरून पायरीवर बसायच्या आणि मला "पांव चला, छोरी, पांव" म्हणून ओरडायच्या. त्यांनी जन्मात पाण्यात पाऊल टाकलेलं नव्हतं.

भोपळे सुटले तो दिवस मला अजून आठवतो. आधी भीती वाटली. मग कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज बंद झाले. दादाची ऑर्डर, आईचे उसासे, माझी स्वतःची घरघर, काहीच ऐकू येईना. हात टाकला की मी पुढे जात होते. जन्मल्यापासून ज्या अंगानं मला फक्त अडवलं होतं, तेच अंग मला घेऊन चाललं होतं. पायरीला हात लागला तेव्हा मी रडत होते, आणि ओल्या तोंडामुळे ते कुणाला कळलं नाही.

त्यानंतर मला भूक लागायला लागली. एक भाकरी कशीबशी खाणारी मी तीन खाऊ लागले. अंथरुणाला पाठ टेकली की झोप. शाळेच्या प्रार्थनेत शेवटच्या ओळीपर्यंत माझा आवाज पुरायला लागला. वहिनी पाण्याबाहेर आल्या की बावडीच्या काठानं गोल गोल फिरत टाळ्या वाजवून मला ठेका द्यायच्या. बावडी लहान, दहा-बारा हात मारले की समोर भिंत. म्हणून सारखं वळावं लागायचं. "भिंतीला नमस्कार करू नकोस," त्या वरून म्हणायच्या, "लाथ मार आणि ये परत."

हिवाळा आला आणि मला खोकला आला नाही. आईनं दिवाळीपर्यंत वाट पाहिली, कार्तिक संपेपर्यंत पाहिली. मग एकदा पोळ्या लाटताना तिनं वहिनींना विचारलं, "हिला कुठलं औषध देतेस?"

वहिनींना खोटं बोलता येत नसे. त्या म्हणाल्या, "पाणी." आणि सगळं सांगून टाकलं, बावडी, भोपळे, जमनाबाई, खोटी देवदर्शनं. आईनं उरलेल्या पोळ्या मान वर न करता लाटल्या. वहिनी दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही भीत भीत निघालो, तर आई दारात उभी. तिनं वहिनींच्या हातात खारकांची पुरचुंडी दिली. "पोहून आली की दे तिला. उपाशी पोटी परत आणू नकोस."

दोन वर्षांनी आमच्या कवायतीच्या बाईंना कुठून तरी कळलं की मला पोहता येतं, आणि इंदूरच्या शालेय स्पर्धेत त्यांनी माझं नाव घातलं. मुलींची शर्यत तिथे नव्यानंच ठेवली होती. आम्ही तिघं बसनं गेलो: दादा, वहिनी आणि मी. दादाच्या खात्याचे नवे वरिष्ठ साहेब पाहुणे म्हणून खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्याच सहीनं दादाची बदली व्हायची होती. त्यांना पाहिल्यापासून दादा सदऱ्याची बटणं चाचपत होता.

मी आयुष्यात प्रथमच बांधलेला हौद पाहिला आणि दोन पावलं मागे सरले. तळ दिसत होता. बावडीचा तळ मी कधी पाहिला नव्हता; इतक्या खोल पाण्यावर आपण रोज असतो हे मला ठाऊकच नव्हतं. "वहिनी, मी नाही," मी म्हणाले. त्यांनी माझी वेणी घट्ट बांधली. "तळाकडे कशाला बघतेस? तिथं तुझं काय आहे? समोरच्या भिंतीकडे बघ." शर्यत दोन फेऱ्यांची होती. जाताना मी चौथी होते. पण वळताना बावडी कामाला आली. बाकीच्या मुली भिंत धरून श्वास घेत होत्या तोवर मी लाथ मारून निघाले होते. मी दुसरी आले. वर आले तेव्हा दादा खुर्च्यांच्या मागे उभा राहून जोरजोरात टाळ्या वाजवत होता. साहेबांचा त्याला विसर पडला होता.

शेवटी मोठ्या स्त्रियांची शर्यत होती, तीही दोन फेऱ्यांची. तिला दोनच नावं आली होती, दोघी कॉलेजच्या मुली. तीन तरी हव्यात, नाहीतर शर्यत रद्द, असं व्यवस्थापकांनी कर्ण्यावरून सांगितलं आणि विचारलं, "प्रेक्षकांत कुणी बहन आहे का?" लोक हसले. वहिनी माझ्या शेजारी उभ्याच होत्या. त्यांनी दादाकडे पाहिलं. "जाऊ?"

दादानं पहिल्या रांगेकडे पाहिलं. साहेब मान वळवून कोण उठतंय ते बघत होते. दादा फार भित्रा माणूस होता, ते मी त्याची बहीण म्हणून सांगते. तो खाली वाकला आणि त्यानं वहिनींच्या चपला उचलून हातात घेतल्या, त्या ओल्या होऊ नयेत म्हणून.

नऊवारी नेसलेली बाई हौदाच्या काठावर आली तेव्हा पुन्हा हसू उठलं. शिट्टी वाजली आणि ते थांबलं. वहिनी नदीत पोहत तशा पोहत होत्या, लांब लांब हात टाकत, पाण्याचा आवाजही न करता. पहिल्या फेरीतच त्या पुढे गेल्या. दुसरी फेरी संपली, त्यांनी भिंतीला हात लावला, वळल्या आणि पुन्हा निघाल्या. पंचांनी शिट्टी वाजवली. तिसरी फेरी. कर्ण्यावरून "बस, बाई, बस" झालं. चौथी फेरी. बाकीच्या दोघी बाहेर येऊन केस पुसत होत्या. पाचवी. साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, आणि मग एकेक करून सगळे लोक उठले. सहाव्या फेरीला मात्र कुणी शिट्टी वाजवली नाही. सगळे नुसते बघत होते.

वहिनींचा नंबर धरला नाही. नेमलेल्या ठिकाणी थांबल्या नाहीत म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही, असं पंच म्हणाले. ज्या मुलीला पहिलं बक्षीस मिळालं ती स्वतः येऊन वहिनींचे हात धरून गेली. साहेबांनी दादाला नाव विचारलं, खातं विचारलं, आणि "अच्छा" एवढंच म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी वहिनींना म्हणाले, "तुम्हाला शिट्टी ऐकू आली नाही का?"

"आली होती की," त्या म्हणाल्या. त्यांचे केस अजून ओले होते. "पण थांबले असते तर बाहेर यावं लागलं असतं."

दादा पुढच्या बाकावर होता. त्यानं ते ऐकलं असावं. तो खिडकीबाहेर बघत होता, पण त्याच्या गालावरून कळत होतं की तो हसतोय.

पुढे महिन्याभरात ऑर्डर आली: देवास. चांगली की वाईट, कुणाला ठरवता येईना. दादा-वहिनी गेले; शाळा बुडू नये म्हणून आई आणि मी धारलाच भाड्याच्या खोलीत राहिलो. मी आता दरसाल इंदूरला जात होते. एकदा पहिली आले. वहिनींची पत्रं यायची, एकेका पानाची, प्रत्येक ओळ जिथे सुरू व्हायची त्याहून वर चढत गेलेली. त्यांना मुलगा झाला. त्या सुट्टीत मी देवासला गेले तेव्हा त्या पहिल्याच सकाळी मला गावच्या मीठा तलावावर घेऊन गेल्या. बाळ त्यांच्या खांद्यावर होतं. "तू जा, मी बघते," म्हणाल्या.

मी पलीकडे जाऊन परत आले. त्या पायऱ्यांवर वर-खाली करत होत्या. मी अंग पुसून हात पुढे केले. "द्या त्याला. आता तुम्ही."

त्यांनी बाळ दिलं नाही. पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मागे एकदा गेले होते. याला शेजारणीकडे ठेवलं होतं, अर्ध्या तासासाठी म्हणून. परत आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि हा रडून रडून निळा झाला होता. पाण्यात मला हा आठवलाच नाही, कमळे. एकदासुद्धा नाही." मग त्या घराकडे चालू लागल्या, इतक्या भरभर की मला मागे पळावं लागलं. त्यांनी त्यानंतर मूल मोठं होईपर्यंत पाण्यात पाऊल टाकलं नाही. मी त्यांना कधी आग्रह केला नाही. करायला हवा होता, असं आता वाटतं.

मी मॅट्रिक झाल्यावर आई आणि मीही देवासला आलो, आणि दोन वर्षांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. वैशाखात उज्जैनहून एक जण बघायला आले, शाळेत मास्तर, बरोबर त्यांचे वडील आणि काका. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, झालं. काका पत्रिकेचं बोलत होते. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या वहिनी मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "हिला पोहावं लागतं. नाहीतर हिची छाती धरते. क्षिप्रेला बारा महिने पाणी असतं का?"

आईनं पदर तोंडाला लावला. दादा खाली सतरंजीकडे बघत राहिला. मास्तर म्हणाले, "उन्हाळ्यात फार कमी होतं. आणि मला स्वतःला पोहता येत नाही."

"ते शिकवील ही," वहिनी म्हणाल्या आणि चहा आणायला आत गेल्या.

पाहुणे गेल्यावर आई त्यांना खूप बोलली. हातचं स्थळ घालवलंस, म्हणाली. आठवडाभर वहिनी पोस्टमनच्या वेळेला फाटकापर्यंत जात-येत राहिल्या. आठव्या दिवशी पत्र आलं. वडिलांच्या अक्षरात पसंती, देण्याघेण्याबद्दल काही म्हणणं नाही, मुहूर्त कळवावा, वगैरे. त्याखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात दोन ओळी होत्या. "घाटापाशी सध्या पाणी गुडघाभर आहे. पण तिथून वर एक मैलावर डोह आहे, त्यात पुरुषभर पाणी उन्हाळ्यातही राहतं. मी काल जाऊन काठीनं मोजून आलो."

आईला वाचता येत नसे. वहिनींनी तिला वरचं पत्र भराभर वाचून दाखवलं, आणि खालच्या दोन ओळी सावकाश, दोनदा.