पांढऱ्या ठिपक्याचा कौल

माझ्या वडिलांचं दुसरं लग्न कोंबडीच्या पिलांनी ठरवलं. हे सांगितलं की माणसं आधी हसतात. मी हसू देते. पुढचं ऐकल्यावर हसायला फारसं कुणाला सुचत नाही.

आमचं गाव वाईच्या खालच्या अंगाला, कृष्णेकाठी. शिवारात ऊस आणि घरटी एक तरी माणूस पलटणीत. वडील लढाई संपल्यावर पलटणीतून सुटून आले आणि पाचगणीला एका म्हाताऱ्या इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर राखणदार म्हणून राहिले. स्वराज्य येणार हे नक्की दिसायला लागलं तसा साहेब विलायतेला निघाला. जाताना त्यानं वडिलांना एक कोंबडा आणि काही कोंबड्या दिल्या. अंगभर करड्या-पांढऱ्या बारीक पट्ट्या, पायांवरही थोडी पिसं. ही फ्रान्सकडची मारान्स जात, हे मला फार पुढं कळलं. आम्ही त्यांना साहेबाच्या कोंबड्या म्हणायचो.

त्यांचं अंडं पाहायला बायका लांबून यायच्या. गुऱ्हाळात गूळ जास्त आटला की जो रंग येतो, तसं ते काळपट तांबडं अंडं. आमची विधवा आत्या, वडिलांची थोरली बहीण, घराची सगळी सूत्रं तिच्या हातात. तिनं पहिलं अंडं हातात धरलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "करपलंय की गं हे."

आत्यानं वडील सुखरूप यावेत म्हणून गावदेवीला कोंबड्याचा नवस बोलला होता. खुराड्यात गावरान कोंबडे होते, पण आत्याला देवीपुढं साहेबाचाच कोंबडा मिरवायचा होता. आई सहसा तिच्यापुढं बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "वन्सं, एकुलता एक हाय. त्यो ऱ्हाऊ द्या, म्हंजी जात टिकंल."

"अंडं कोंबडी घालती," आत्या म्हणाली. "त्येचा काय संबंध?"

झालं. कोंबडा कापला, गावजेवण झालं, वडिलांनी मिशीला पीळ दिला. साहेबाच्या कोंबड्या गावरान तांबड्या कोंबड्यावर सोडल्या. त्यांच्या पोटच्या तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, अंड्यावर आल्या तेव्हा त्यांची अंडी फिक्या चहासारखी निघाली. कोंबडा जन्मात अंडं घालत नाही, पण त्याच्या लेकींच्या अंड्याचा रंग निम्मा त्याच्याकडून येतो. हे आमच्या घरात कुणाला ठाऊक असायचं? खापर आईवर फुटलं. "तुज्या हाताला कस न्हाई," आत्या म्हणाली. वडील ओसरीवर बसून ऐकत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

आम्ही दोघी बहिणी. पाठीवर मुलगा नाही. आत्या ते दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायची, कधी आईच्या तोंडावर, कधी भिंतीला ऐकवल्यासारखं. आईला पुन्हा दिवस गेले तेव्हा तिनं साफच सांगितलं, "ह्या वख्ताला पोरगा न्हाई झाला, तर मी भावाला दुसरी करून आणनार. तवा रडत बसू नगंस." वडील तिथंच होते. तेव्हाही त्यांनी मान हलवली. या मानेचा मला अजून राग येतो.

त्याच सुमाराला आईच्या हाताला एक गुण आहे अशी बोलवा गावात पसरली होती. खुडूक कोंबडीखाली साहेबाच्या कोंबड्यांची अंडी ठेवली, की निघणाऱ्या काळ्या पिलांपैकी काहींच्या डोक्यावर पांढरा ठिपका असायचा. आईच्या ध्यानात आलं होतं की ठिपक्याची पिलं पुढं पट्टेरी होतात आणि आरवायला लागतात. बिनठिपक्याची काळी निघतात आणि अंडी घालतात. ती पहिल्याच दिवशी पिलं वेगळी करायची. हा नर, ही मादी. ठिपक्याचे कालवणासाठी वाढवायचे, बिनठिपक्याच्या जपायच्या. मुलगी झाल्याचा आनंद आमच्या घरात होत होता तो फक्त खुराड्यात.

पोटुशा बायका आईकडं येऊन हळूच विचारायच्या, "आमचं काय हुईल गं, सांग की." आई हसून म्हणायची, "मला पिलातलं कळतंय, पोटातलं न्हाई."

आत्याला ते पटलं नाही. आमच्याकडं अडल्या वेळी देवीला कौल लावायची चाल. देवीच्या अंगावर दोन बाजूंना दोन फुलं चिकटवायची, उजवीकडचं आधी पडलं तर होकार. मुलगा होईल का, म्हणून आत्यानं तीनदा कौल लावला आणि तीनदा देवीनं डावं फूल दिलं. तेव्हा तिनं आपलाच कौल काढला. आईच्या हातानं अंडी रवणाला, म्हणजे उबवायला, बसवायची. ठिपक्याची पिलं जास्त निघाली तर मुलगा, बिनठिपक्याची जास्त तर मुलगी. अंडी आत्यानं स्वतः निवडली, अगदी काळपट तांबडी, अस्सल साहेबाच्या कोंबड्यांची. एक गोष्ट तिनं बघितली नाही आणि खरं सांगायचं तर आईनंही नाही. तोवर पहिल्या पिलांतला एक पट्टेरी कोंबडा मोठा झाला होता आणि पुढच्या जत्रेसाठी राखून ठेवल्यामुळं कोंबड्यांत मोकळा फिरत होता.

पिलं निघाली त्या दिवशी आत्या खुराड्यापुढं पाट टाकून बसली होती. आई एकेक पिलू ओंजळीतून दाखवत गेली. ठिपका. ठिपका. पुन्हा ठिपका. बहुतेक सगळ्यांच्या डोक्यावर ठिपका. आत्यानं आईच्या कपाळाला कुंकू लावलं आणि नारळ फोडला. त्या दिवसापासून आईला पाण्याची घागर उचलू दिली नाही. तिच्या भाकरीवर तूप आलं. वडिलांनी साताऱ्याहून लुगडं आणलं आणि आईच्या हातात न देता चुलीपाशी ठेवून गेले. तेवढ्यानंही तिचा चेहरा उजळला. तिनं जुन्या धोतराची एक कुंची शिवली. ती माझ्या डोक्याला लावून बघायची आणि मला ती फारच लहान व्हायची, म्हणून आम्ही दोघी हसायचो. आई इतकं हसलेली मला पुन्हा आठवत नाही.

मग पिलं वाढली. ठिपक्याच्या पिलांतल्या कितीतरी पिलांना तुरा धरेना. अंगावर पट्टे आले, पण चाल तलंगीची. आईच्या हे आधी लक्षात आलं. आत्या परसात आली की आई त्या पिलांवर लगबगीनं डालगं पालथं घालायची आणि वर दगड ठेवायची. इतक्या जड अंगानं ती तो दगड का उचलते, हे मी विचारलं तर म्हणाली, "घार फिरतीया." आभाळात घार नव्हती.

पोट खाली आलं, कळा सुरू झाल्या आणि भरदुपारी मुलगी झाली. माझी तिसरी बहीण. सुईणीनं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आत्या तडक परसात गेली आणि डालगं उचललं. एक तलंग दाबून बघितली, दुसरी बघितली. परत येऊन उंबऱ्यातूनच आईला म्हणाली, "सगळ्यास्नी फशिवलंस. तूप खाल्लंस." वडील बाळाला बघायला आत गेले नाहीत. त्यांना उसाला पाणी द्यायचं होतं.

आमच्या मुलखात तेव्हा दुसरं लग्न करायला कायद्यानं नुकतीच बंदी झाली होती. कुणीतरी सुचवलं की सांगलीसारख्या संस्थानात हा कायदा चालत नाही. मग आत्या, वडील आणि चार भाऊबंद लोणंदला आगगाडीत बसून सांगलीकडं गेले आणि तिथल्या एका खेड्यात लग्न लावून आले. आईनं उंबऱ्यावर माप भरून ठेवलं. ते नव्या बाईनं ओलांडलं. ती माझ्याहून थोडीच मोठी होती. तिचा राग करायला मी फार प्रयत्न केला. तिला पाहिलं की तो टिकायचा नाही.

पुढं मी स्वतः कोंबड्या पाळल्या, सांगलीला एका शिकवणीला बसले, तेव्हा सगळा उलगडा झाला. कोंबडीच्या अंगावरचे पट्टे फक्त तिच्या मुलग्यांना मिळतात, लेकींना नाही. म्हणून आईचा ठिपका खरा ठरत होता. पण कोंबडाच पट्टेरी असला तर तो ते लेकींनाही देतो आणि मग ठिपक्याला काही अर्थ उरत नाही. शिकवणाऱ्यानं जाता जाता आणखी एक सांगितलं. कोंबड्यांत नर की मादी हे कोंबडीकडून ठरतं. माणसांत ते पुरुषाकडून ठरतं. वर्ग पुढं सरकला. मी मात्र बराच वेळ तिथंच अडकले होते. आत्या आईला जे जे बोलली होती, ते कोंबडीला बोलली असती तर शहाणी ठरली असती. मला त्या वर्गात फार राग आला, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

तोवर सगळं होऊन गेलं होतं. नवी बाई वर्षाच्या आत बाळंत झाली, आमच्याच घरी, कारण तिला माहेरी न्यायला कुणी आलंच नाही. सुईण पोचली नव्हती, म्हणून बाळ आईनं हातात घेतलं. मुलगी होती. आईनं नाळ कापली, बाळाला पुसलं आणि चिंधीत गुंडाळून बाहेर आणलं. वडील ओसरीवर जेवत होते. आत्यानं चिंधी उघडून बघितली, पुन्हा झाकली आणि भिंतीला टेकून बसली.

"माज्या भावाचं नशीबच फुटकं," ती म्हणाली. "एक बी बायकू धड मिळंना गड्याला."

वडिलांनी मान हलवली आणि आईपुढं ताट सरकवलं. आईनं बाळ माझ्याकडं दिलं, हात धुतले आणि त्यांना भाकरी वाढली.