दोन फेऱ्यांचे मामा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मामांची गिनती चुकली, असं सिंदीत अजून बोललं जातं. ते खरं नाही. त्या दिवशी गिनती झालीच नव्हती.

मामांचं गॅरेज सिंदी रेल्वे या गावात. मी तिथे पंधरा वर्षं मिस्त्री होतो. कुणी पिकअप घेऊन आलं आणि ‘मामा, इंजिनाची ताकद वाढवून द्या’ म्हणालं, की मामा बॉनेटकडे ढुंकूनही न बघता सरळ गाडीच्या मागे जायचे. मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, गाडी न्यूट्रल. टायरवर खडूची रेघ, इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या खालच्या लांब दांड्यावर, म्हणजे प्रोपेलर शाफ्टवरही रेघ. मग उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्ट किती फेरे घेतो ते मोजायचं. चारच्या वर गेला तर ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आस, ओझं ओढणारा, साडेतीनच्या आसपास राहिला तर पळणारा. इंजिन त्या हिशेबाने खोलून, ताकद वाढवून परत बसवायचं.

“लोकाईले सात फेरे लागतात, गाडीचं दोनात समजते,” असं म्हणत ते चाक फिरवायचे, तेही चेहरा अगदी गंभीर ठेवून.

एकदा एक घाईतला गिऱ्हाईक वैतागला. “मामा, कंपनीच्या कागदात लिवलं हाय ना सारं. मंग काऊन मोजता?”

“तुह्या बायोडाट्यात बी पगार लिवला होता,” मामा म्हणाले. “खरा होता का? मागचा ॲक्सल कोणी भंगारातून आणून बसवला असन, त कागदाले काय मालूम? आंधी गाडीचे पाय पाहाव, मंग छाती फुगवाव.”

आणि त्यांनी चाकाला हात घातला. गिनती चालू असताना गॅरेजात कुणी बोलायचं नसे. रेडिओ बंद, चहावाला बाहेरच. “बोललं का आकडा पळते,” हा मामांचा कायदा.

पुढे त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकायला मनाई केली. तेव्हापासून मामा चाक फिरवायचे आणि मी गाडीखाली पडून शाफ्ट मोजायचो. सरकीची पोती वाहणाऱ्या एका पिकअपच्या वेळी मी खाली पडून मोबाईलवर मेव्हण्याचा व्हिडिओ बघत होतो. आवाज बंद करून. बोलायचं नाही, हा कायदा मी पाळलाच होता.

“किती?” मामांनी विचारलं.

त्या जातीच्या पिकअपला बहुतेक चारच्या वरच असतो. “चार आन् थोडा वर,” मी म्हणालो.

“पक्कं?”

“पक्कं, मामा.”

त्या आकड्यावर त्यांनी इंजिन बसवलं. आठवड्याने गाडी दोरीने ओढून आणली. भरल्या पोत्यांनिशी चढावर इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं होतं. मामांनी स्वतः वाकून पुन्हा मोजलं. साडेतीनच्या जरा वर. ॲक्सल कुणीतरी बदललेला होता, आणि ओझ्याच्या हिशेबाने बसवलेलं इंजिन पळणाऱ्या ॲक्सलवर पोती ओढत होतं. मालक भला माणूस, ओरडला नाही. फक्त चार लोकांसमोर म्हणाला, “मामा, आता आराम करा.”

मामा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता सापडलो. ते म्हणाले, “म्याच चाक दोनाच्या वर फिरवलं असन. हाताचा भरोसा नाई राह्यला.” मी शाफ्टकडे बघत उभा राहिलो. त्यानंतर त्यांनी एकही इंजिन बसवलं नाही. दोन महिन्यांत गॅरेज बंद झालं.

आता ते नाचणगावला लेकीकडे असतात. माझं दुकान पिपरी मेघेला आहे आणि ‘मामांच्या हाताखालचा’ म्हणून बरं चालतं. प्रत्येक गाडीचे दोन फेरे मी स्वतः मोजतो. सणावाराला मामांना भेटायला जातो. परवा पोळ्याला गेलो, तर त्यांनी करंजी पुढे सरकवत विचारलं, “कारे, त्या दिवशी म्या चाक लय जास्त फिरवलं होतं का? तुले काई आठवते?”

“नाई आठवत, मामा,” मी म्हणालो, आणि करंजी खाल्ली.

चाक त्यांनी बरोबर दोनदाच फिरवलं होतं. मोजलं मी नव्हतं. हे त्यांच्यासमोर बसून त्यांना सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.